चुली दोन, राजांगण एक

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि त्या दिवशी पेडण्यात किंवा डिचोलीत कुणाच्या घरी काहीच घडलं नाही. बटण दाबल्यावर नेहमीचाच पडदा उजळला, नेहमीच्याच फायली उघडल्या. थांबली ती फक्त शाकारणी. जुलै २०१५ मध्ये आलेल्या या कार्यप्रणालीत दर महिन्याला नवी भोकं सापडत आणि मायक्रोसॉफ्ट ती बुजवत असे. ते बुजवणं थांबलं. घरगुती ग्राहकाने नोंदणी केली तर आणखी वर्षभर, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ही डागडुजी मिळण्याची सोय ठेवली आहे, पण ती नुसती वाढीव मुदत. विंडोज ११ वर जावं तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. त्यामुळे २०१४-१५ मध्ये म्हापशाहून आणलेला, आजही खणखणीत चालणारा संगणक एकाएकी बिनशाकारणीच्या घरासारखा झाला. पहिल्या पावसात असं घर पडत नाही, कुठून गळेल तेही सांगता येत नाही. घरमालकापुढे मग नवा संगणक घेणं, दुर्लक्ष करणं किंवा त्याच यंत्रात विंडोजशेजारी लिनक्स बसवणं एवढेच रस्ते उरतात. हे प्रकरण तिसऱ्या रस्त्याच्या बाजूने आहे, पण त्या रस्त्याची जी कारणं सहसा सांगितली जातात त्यांच्या भरवशावर नाही.

सहसा सांगतात की लिनक्स फुकट आहे, हलकं आहे, त्याला विषाणूंची बाधा कमी होते. तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या. पण त्या लिनक्स बसवण्याची कारणं आहेत, दोन प्रणाली ठेवण्याची नव्हेत. लिनक्स इतकं चांगलं असेल तर विंडोज पुसून टाका, आणि पुसवत नसेल तर लिनक्सचा हट्ट कशाला, हा प्रश्न कुणीही विचारील आणि तो रास्त आहे. दोन प्रणाली एका घरात नांदवायला वेगळं कारण लागतं: अशी काही कामं, जी एका प्रणालीला जमत नाहीत आणि दुसरीला सोपवली तर धोक्याची ठरतात. गोव्याच्या या दोन तालुक्यांतल्या मराठी घरांत असं काम आहे आणि ते बऱ्याच वर्षांपासून साठत आलं आहे.

संगणक या भागात तसा लवकर आला. २००० ते २००५ या पर्रीकर सरकारच्या काळात सायबरएज योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचू लागले. त्याच सुमारास परदेशस्थ गोमंतकीयांच्या मदतीने चाललेल्या गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने बाहेरून वापरलेले संगणक आणून शाळांना दिले आणि परवान्याचा खर्च टाळण्यासाठी त्यांवर लिनक्स चालवलं. म्हणजे लिनक्स ही गोव्यात काल उपटलेली चीज नाही. पण घरात आलेल्या संगणकाचं पुढे काय झालं? मुलाची बारावी झाली, मुलगा फर्मागुडीला इंजिनीअरिंगला गेला, आणि संगणक मोठ्यांच्या हाती आला. पेडणे आणि डिचोली हे पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीतले तालुके. घरात कोकणी बोलायची आणि कागद मराठीत लिहायचा, ही इथली जुनी रीत. देवस्थानाच्या जत्रेची पत्रिका, महाजनांच्या सभेचं इतिवृत्त, उत्सवी नाटकाची टंकलेली संहिता, भजनी मंडळाचा जमाखर्च, सोसायटीला लिहिलेला अर्ज, असं सगळं त्या संगणकात जमत गेलं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय वापरात जागा राहिली; त्या वादाशी इथे कर्तव्य नाही. मुद्दा इतकाच की या संगणकांत मराठी मजकूर मोठा आहे, आणि त्यातला जुना भाग आजच्या अर्थाने मराठी नाहीच.

हे जरा जवळून पाहायला हवं. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ फॉंटही आला. पण छपाईच्या धंद्याने आणि घरोघरच्या टंकलेखनाने पुढची कित्येक वर्षं श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा संचांवरच काढली. त्यांच्या जुन्या फॉंटांमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या खणांत बसवलेले असत. फाइलमध्ये साठायचा तो रोमन खणाचा क्रमांक. मराठी दिसायची ती फॉंटच्या कृपेने. फॉंट काढून घ्या, की नाटकाच्या संहितेच्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि चलनांची चिन्हं यांची रांगोळी उरते. बरं, खण बदलले म्हणजे काम झालं असंही नाही. ‘किती’ हा शब्द घ्या. जुन्या फॉंटात तो डोळ्यांना दिसतो तसा साठतो: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये तो उच्चारतो तसा साठतो: आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलट. आकार अक्षराच्या डोक्यावर, म्हणून जुन्या पद्धतीत तो नंतर टंकायचा. युनिकोडमध्ये र आधी. शिवाय ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक जपणारा मराठीचा तो अर्धा र. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली आहेत, त्या बऱ्यापैकी चालतातही, पण असल्याच ठिकाणी त्या ठेचकाळतात, आणि ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ झालेला संगणकाच्या लक्षात येत नाही. मूळ फाइल मूळ संचात शेजारी उघडून ओळीला ओळ ताडून पाहावी लागते. तो मूळ संच विंडोजवरच चालतो. श्रीलिपीच्या अनेक आवृत्त्यांना तर संगणकाच्या पाठीमागे खोचायचं एक कुलूप, म्हणजे डोंगल, लागत असे.

विंडोज पुसू नये याचं कारण हे. ‘वाइन’ नावाच्या आज्ञावलीने लिनक्सवर पुष्कळ विंडोजी आज्ञावली चालवता येतात, आणि जुना फॉंट लिनक्समध्ये टाकला तर फाइल वाचताही येते. पण कळफलकाला मधेच अडवून रोमनचं देवनागरी करणारे संच आणि डोंगलची कुलपं यांच्यापुढे वाइनचा भरवसा देता येत नाही. उलट बाजूने, शाकारणी थांबलेल्या विंडोजमधून बँकेचे व्यवहार करणं, आधार जोडलेल्या सरकारी संकेतस्थळांवर जाणं, घरातल्या पोराने कुठून तरी आणलेला पेनड्राइव्ह लावणं, हे सारं दिवसेंदिवस जोखमीचं होत जाणार. इथे कामाची वाटणी आपोआप सुचते. जुनी विंडोज इंटरनेटपासून तोडायची, वायफायचा पासवर्डसुद्धा तिला विसरायला लावायचा, आणि तिच्याकडे फक्त जुने संच, जुना स्कॅनर आणि रूपांतराची पडताळणी ठेवायची. जगाशी जो संबंध येईल तो लिनक्समधून. दोन्ही प्रणालींनी सगळंच करायचं असं ठरवलं की दोन्हींची देखभाल आणि दोन्हींचे धोके अंगावर येतात. म्हणून ही वाटणी पाळली जात नसेल तर दोन प्रणालींचं मी समर्थन करणार नाही.

गोव्यातल्या माणसाला इथे भाषेची उपमा पटकन सुचते: आमच्या घरात कोकणी-मराठी सुखाने नांदतात, तशा या दोन. उपमा गोड आहे पण चुकीची आहे. दोन भाषा येणारा माणूस एकाच वाक्यात भाषा बदलतो. दोन प्रणालींच्या यंत्रात एका वेळी एकच जागी असते. दुसरीकडे जायचं तर पहिलीचा सगळा पसारा आवरून यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. जवळची उपमा आहे ती वाटणी झालेल्या घराची. भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, राजांगण, म्हणजे घराच्या मधलं अंगण, मात्र सामायिक राहतं. एकाने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरू नये, राजांगणात मात्र दोघांनीही यावं. हार्ड डिस्कच्या बाबतीत ही उपमा शब्दशः लागू पडते, कारण डिस्कची खरोखरच वाटणी होते आणि तिचं वाटणीपत्र डिस्कच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं.

जुन्या पद्धतीत हे वाटणीपत्र अगदी इवलंसं होतं. डिस्कचा पहिला तुकडा ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट यंत्र जागं करणाऱ्या सूचनेसाठी, ६४ बाइट वाटणीसाठी आणि शेवटचे दोन शिक्क्यासाठी. १६ बाइटांची एक नोंद, म्हणून मुख्य वाटे चारच. जागं करणाऱ्या सूचनेला जागाही एकच, त्यामुळे जो शेवटी येईल तो आधीच्याची सूचना पुसून आपली लिही. लिनक्स आधी आणि विंडोज नंतर बसवली की लिनक्स ‘नाहीसं’ व्हायचं ते यामुळेच. आपल्या वाट्यात ते सुखरूप असे, फक्त दारावरची पाटी गेलेली असे. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा दुकानदारांकडून ऐकू येणारा नियम तिथून आला. लिनक्ससोबत येणारी ग्रब ही आज्ञावली समजूतदार. ती शेजाऱ्याचं नावही पाटीवर लिहिते आणि यंत्र चालू होताना दोन्ही नावं दाखवून काही सेकंद थांबते. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या यंत्रांत यूईएफआय ही जागं करण्याची नवी पद्धत आली, वाट्यांची मर्यादा चारावरून १२८ वर गेली आणि पाट्यांसाठी एक छोटा स्वतंत्र वाटाच ठेवला जाऊ लागला. आता कुणी कुणाची पाटी पुसायचं कारण नाही, तरी प्रणाली स्वतःचं नाव रांगेत पुढे सरकवून घेतेच. ते यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा खाली आणता येतं.

पण चुलींपेक्षा राजांगणाचीच गोष्ट महत्त्वाची, आणि बसवून देणारे नेमकं तेच विसरतात. सर्वसाधारण रीत अशी की डिस्कचे दोन वाटे करायचे आणि फायली ज्या त्या प्रणालीच्या पोटात. मग अर्ज लिनक्समध्ये, संहिता विंडोजमध्ये, फोटो दोन्हीकडे अर्धे अर्धे. असा संसार सहा महिन्यांत कंटाळवाणा होतो. ५०० जीबीची म्हणून विकलेली डिस्क संगणक ४६५ दाखवतो; त्यातले १५० विंडोजला, ६० लिनक्सला आणि उरलेले २५५ तिसऱ्या वाट्याला द्यावेत, आणि घरचा प्रत्येक कागद या तिसऱ्या वाट्यातच ठेवावा. तो एनटीएफएस पद्धतीने बांधावा. विंडोजची ती मातृभाषा, आणि लिनक्सच्या गाभ्यात २०२१ च्या ५.१५ या आवृत्तीपासून ती लिहिण्यावाचण्याची चांगली सोय आली आहे. एवढं केलं की प्रणालींचा घरच्या कागदांवरचा मालकी हक्क संपतो. एक बिघडली, दुसरी पुसून पुन्हा बसवली, तरी जत्रेची पत्रिका जागची हलत नाही. दोन प्रणाली ठेवण्याचा हा माझ्या मते सर्वांत मोठा लाभ आहे, आणि गंमत म्हणजे तो एकच प्रणाली असतानाही मिळवता येतो. पण एक प्रणाली असताना हे कुणी करत नाही. दोन आल्या की करावंच लागतं.

राजांगणात दोघांचे खटकेही उडतात. विंडोज १० बंद करताना खरं तर पुरती बंद होत नाही. पुढच्या वेळी चटकन उठता यावं म्हणून आपला गाभा डिस्कवर गोठवून ठेवते आणि सामायिक वाट्याचं दार आतून ओढून घेते. मग लिनक्समध्ये तिथल्या फायली दिसतात पण जतन होत नाहीत, आणि माणूस लिनक्सला बोल लावतो. विंडोजमधली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद केली की प्रश्न मिटतो. दुसरा खटका घड्याळाचा. मदरबोर्डवरच्या छोट्या घड्याळाची वेळ विंडोज स्थानिक समजते. लिनक्स ती ग्रीनिचची समजून त्यात भारताचे साडेपाच तास मिळवते. परिणामी सकाळी सव्वानऊला लिनक्समधून उठून विंडोजमध्ये गेलं की ती पावणेचार दाखवते. विंडोजला इंटरनेट असेल तर ती घड्याळ दुरुस्त करते, पण आपण तर तिचं इंटरनेट तोडलेलं. त्यामुळे आज सकाळी बदललेल्या फाइलवर पहाटेची वेळ पडते आणि नवी कुठली, जुनी कुठली, याचा गोंधळ उडतो. लिनक्सला ‘घड्याळ स्थानिक वेळेचं आहे’ असं एकदा सांगितलं की पुरे. भारतात उन्हाळी-हिवाळी वेळ बदलत नाही, म्हणून या उपायात इथे काही खोटही नाही.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप असा की यंत्रात यंत्र चालवण्याची सोय असताना हा खटाटोप कशाला? लिनक्सच्या खिडकीत आभासी संगणक उघडून त्यात विंडोज चालवा. बंद करून चालू करण्याची कटकट नाही, डिस्कची वाटणी नाही. सोळा जीबी मेमरीच्या यंत्रावर हा सल्ला बरोबर आहे आणि अशा घरात मी तोच देईन. पण आपलं यंत्र चार जीबीचं. दोन प्रणाली एकाच वेळी जाग्या ठेवायच्या तर ती मेमरी दोघांत वाटावी लागते आणि दोघीही उपाशी राहतात. आळीपाळीने उठवल्या तर जी जागी आहे तिला सगळी मेमरी मिळते. गरिबीतल्या वाटणीचं शहाणपण यात आहे. ऐपत असेल तर त्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप फोनचा. बँक, वीजबिल, फोटो, सगळं फोनवर होतं, मग संगणकच कशाला? ज्या घरात जुने कागद नाहीत त्या घराला हे उत्तर पुरेसं आहे. ज्या घरात आहेत तिथे दोनशे पानांची संहिता ओळीला ओळ लावून फोनवर तपासायला कुणी बसणार नाही.

तिसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. वाटे लहानमोठे करताना डिस्कवरचा मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला जातो. मधेच वीज गेली तर काही फायली ना इकडच्या ना तिकडच्या. जून ते सप्टेंबर डिचोलीत गडगडाट सुरू झाला की वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा हे काम यूपीएसशिवाय आणि मजकुराची प्रत वेगळ्या डिस्कवर काढल्याशिवाय करणं हा अविचार आहे. बिटलॉकरने कुलूपबंद केलेली विंडोज असेल तर जागं होण्याच्या व्यवस्थेत बदल दिसताच ती ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती आधी कागदावर उतरवून ठेवावी. आणि सगळं नीट बसवल्यानंतरही शेजारी त्रास देऊ शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर अनेक ठिकाणी शेजारचं लिनक्सच उठेना. जुन्या पाट्या असुरक्षित ठरवून त्या दुरुस्तीने नाकारल्या होत्या. फायली गेल्या नाहीत, यंत्र उठताना पाट्या तपासणारं सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून मार्ग निघाला, पण ज्यांना तो मार्ग ठाऊक नव्हता त्यांचे हाल झाले. यावर उत्तर इतकंच की आपल्या वाटणीत विंडोज इंटरनेटवर जातच नाही. तिला दुरुस्ती मिळत नाही आणि म्हणून तिच्याकडून हा उपद्रवही होत नाही. टेबलावरचा संगणक असेल तर आणखी निर्धोक वाट आहे. एक छोटी एसएसडी आणून लिनक्स तिच्यावर बसवायचं, जुन्या डिस्कच्या वायरी बसवताना सोडवून ठेवायच्या आणि नंतर जोडायच्या. मग भिंतही सामायिक राहत नाही. चालू करताना कुठल्या डिस्कवरून उठायचं ते एक कळ दाबून निवडता येतं.

टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्या दुकानदाराला मात्र ही योजना लागू होत नाही, हे कबूल करायला हवं. टॅली विंडोजवरच चालते, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून हिशेबाचं वहीखातं आणि इंटरनेट यांची फारकत करणं व्यवहारात कठीण झालं आहे. डिचोलीच्या बाजारातल्या दुकानदाराने धंद्यासाठी विंडोज ११ चं यंत्र घ्यावं आणि जुनं घरी न्यावं. घरी ते आणखी काही वर्षं सहज चालेल.

राहता राहिला सवयीचा आक्षेप: दोन प्रणाली बसवतात आणि शेवटी एकच वापरतात. तसं घडतं, आणि आपल्या बाबतीत तसंच घडायला हवं. संहिता, इतिवृत्तं, पत्रिका एकेक करून युनिकोडमध्ये आल्या, ताडून झाल्या, तिसऱ्या वाट्यात बसल्या, की विंडोजकडे जाण्याचं कारण एकेक करून कमी होत जाईल. एका चवथीपासून दुसऱ्या चवथीपर्यंत तिचं नाव पाटीवर नुसतं दिसत राहिलं आणि कुणी तिला हाक मारली नाही, तर डोंगल खोचून एकदा शेवटची खात्री करावी, काही राहिलं नाही ना ते पाहावं, आणि तिचे १५० जीबी राजांगणात मिळवून टाकावेत.